लग्नाचा व्हिडिओग्राफर ठरवताना काय विचारायचं? नागपूरच्या उन्हापासून ड्रोनपर्यंत, समजून घ्या सगळं

तुळशीचं लग्न लागलं की नागपुरात लॉन, कॅटरर, बँड आणि घोडी यांच्या तारखा भराभर भरायला लागतात. या यादीत व्हिडिओग्राफरचं नाव बहुतेक घरांत शेवटी येतं. कुणाच्या तरी भाच्याच्या लग्नात 'चांगलं शूट केलं होतं' म्हणून नंबर मिळतो, इन्स्टाग्रामवर दोन-चार रील पाहिले जातात, फोनवर पॅकेजचा आकडा ठरतो आणि ॲडव्हान्स जातो.

अडचण लग्नानंतर सुरू होते. व्हिडिओ सहा महिने मिळत नाही. मिळतो तेव्हा त्यात आजी दिसत नाही. मंगलाष्टकांच्या जागी एखादं हिंदी गाणं टाकलेलं असतं. कधी 'हार्ड डिस्क खराब झाली' असं उत्तर येतं. लॉनमधलं जेवण बिघडलं तर लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. अंतरपाट दूर होतानाचा क्षण मात्र पुन्हा शूट करता येत नाही.

म्हणूनच पैसे देण्याआधी कोणते प्रश्न विचारायचे, कोणती उत्तरं लेखी घ्यायची आणि कायदा कुणाच्या बाजूने आहे, हे माहीत असायला हवं.

ट्रॅडिशनल, सिनेमॅटिक, कँडिड: नेमकं काय मिळणार?

पॅकेजच्या पीडीएफमध्ये हे तीन शब्द हमखास असतात. त्यांचा अर्थ मात्र प्रत्येक स्टुडिओ आपापल्या सोयीने लावतो.

ट्रॅडिशनल व्हिडिओ म्हणजे विधी आणि स्टेज यांच्यावर रोखलेला, बराचसा सलग चालणारा कॅमेरा. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं, सप्तपदी, भेटायला येणारे पाहुणे, पाठवणी असं सगळं त्यात क्रमाने येतं. हा व्हिडिओ दोन-तीन तासांचा किंवा त्याहून मोठा होतो. पूर्वीच्या कॅसेट आणि सीडीचा हा थेट वारसदार.

सिनेमॅटिक व्हिडिओ म्हणजे छोट्या छोट्या क्लिपमधून, स्लो मोशन आणि संगीत वापरून बनवलेली फिल्म. त्यात मिनिटभराचा टीझर, काही मिनिटांचा हायलाइट आणि कधी वीस-तीस मिनिटांची वेडिंग फिल्म असे प्रकार असतात. विशाल पंजाबी यांच्या 'द वेडिंग फिल्मर'ने २०१७ मध्ये अनुष्का शर्मा-विराट कोहली आणि २०१८ मध्ये दीपिका पदुकोण-रणवीर सिंह यांची लग्नं चित्रित केली. ती दृश्यं प्रत्येकाच्या मोबाइलवर पोहोचली आणि 'आपलाही तसाच हवा' ही मागणी गावोगावी गेली.

कँडिड हा शब्द मुळात फोटोग्राफीतला. पोझ न देता टिपलेले क्षण, एवढाच त्याचा अर्थ. व्हिडिओच्या पॅकेजमध्ये 'कँडिड व्हिडिओ' लिहिलं असेल तर त्यातून नक्की काय मिळणार, हे विचारून घेतलेलं बरं.

यातला कळीचा फरक पॅकेजमध्ये लिहिलेला नसतो. सिनेमॅटिक शूट करणारा माणूस सहसा सलग रेकॉर्डिंग करत नाही. तो दहा-वीस सेकंदांच्या क्लिप घेत फिरतो. त्यामुळे पैसे वाचवायला फक्त सिनेमॅटिक टीम ठरवली, तर पूर्ण मंगलाष्टकं किंवा पूर्ण सप्तपदी कुठेच रेकॉर्ड झालेली नाही, असं होऊ शकतं. नंतर कितीही पैसे दिले तरी ती एडिटिंगमधून तयार होत नाही.

बौद्ध पद्धतीच्या लग्नांत हा प्रश्न आणखी महत्त्वाचा ठरतो. नागपुरात अशी लग्नं मोठ्या संख्येने होतात. त्रिशरण-पंचशील आणि वधूवरांच्या प्रतिज्ञा हा मुख्य विधी थोड्या वेळात आटोपतो. तेवढ्यात क्लिप घेणारा स्टेजच्या दुसऱ्या बाजूला असेल, तर मूळ लग्नच हुकतं. निकाहातल्या कबुलीचंही तसंच.

विधींच्या सलग व्हिडिओला कायदेशीर बाजूही आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ नुसार विवाह रूढीतल्या विधींनी व्हावा लागतो. जिथे सप्तपदी हा त्या विधींचा भाग आहे, तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. विधी झालेच नसतील तर केवळ नोंदणी प्रमाणपत्रामुळे विवाह वैध ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केलं. पुढे कधी वाद उद्भवला, तर विधींचं चित्रीकरण उपयोगी पुरावा ठरू शकतं. स्लो मोशनमधल्या तीन मिनिटांच्या हायलाइटपेक्षा अशा वेळी 'बोरिंग' वाटणारा ट्रॅडिशनल व्हिडिओ कामाला येतो.

म्हणून पहिला प्रश्न: मुख्य विधी सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता रेकॉर्ड करणारा एक कॅमेरा असेल का? त्याचं उत्तर 'हो' असेल तर तसं लिहून घ्यावं.

कॅमेऱ्यामागे प्रत्यक्षात कोण असणार?

चातुर्मासात मुहूर्त नसतात. तुळशीच्या लग्नानंतर ते सुरू होतात आणि चांगल्या मुहूर्ताच्या तारखा मोजक्याच असतात. त्यामुळे एकाच तारखेला शहरात भरपूर लग्नं लागतात आणि एकाच स्टुडिओकडे तीन-चार बुकिंग येतात.

स्टुडिओच्या मालकाला एकाच वेळी चार लॉनवर हजर राहता येत नाही. मग दिवसाच्या रोजावर काम करणारे फ्रीलान्स कॅमेरामन बोलावले जातात. यात गैर काही नाही. हा व्यवसाय असाच चालतो आणि अनेक फ्रीलान्सर उत्तम काम करतात. पण ज्याचं काम पाहून बुकिंग केलं तो माणूस येणारच नसेल, तर ते कुटुंबाला आधी कळायला हवं.

याबाबत विचारायचे प्रश्न साधे आहेत. त्या तारखेला स्टुडिओकडे आणखी किती लग्नं आहेत? आमच्याकडे येणाऱ्या मुख्य कॅमेरामनचं नाव काय? त्याने केलेलं काम दाखवता येईल का? तो आजारी पडला तर त्याच्या जागी कोण? एडिटिंग इथेच होतं की फुटेज बाहेरच्या एडिटरकडे पाठवलं जातं?

शेवटचा प्रश्न अनेकांना सुचत नाही. काही स्टुडिओ एडिटिंगचं काम दुसऱ्याला देतात. लग्नसराईत अशा एडिटरकडे कामाचा ढीग पडतो आणि 'दोन महिन्यांत देतो' म्हणून सांगितलेला व्हिडिओ आठ महिन्यांवर जातो. उशिराचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

रील पाहून निर्णय घ्यावा का?

नाही. रील म्हणजे वर्षभरातल्या पंचवीस लग्नांतले सगळ्यात देखणे पंचवीस क्षण. त्यावरून एका लग्नाचा संपूर्ण व्हिडिओ कसा झाला असेल, हे कळत नाही.

त्याऐवजी एकाच लग्नाचा पूर्ण व्हिडिओ पाहायला मागावा. तोही आपल्या लग्नाशी मिळताजुळता. रात्री उघड्या लॉनवर लग्न असेल तर रात्रीच्या लॉनचा, दुपारी मंगल कार्यालयात असेल तर तिथला. तो पाहताना पाच गोष्टी तपासता येतात.

पहिली गोष्ट आवाज. मंगलाष्टकं, गुरुजींचे शब्द, वडिलांचे चार शब्द स्पष्ट ऐकू येतात का? की सगळीकडे गाणं पसरून आवाज झाकला आहे? कॅमेऱ्यावरच्या माइकमध्ये बँड, डीजे आणि जनरेटर आधी शिरतात. गुरुजींना किंवा नवरदेवाला छोटा कॉलर माइक लावणं, किंवा साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट आवाज घेणं, हे उपाय स्वस्त आहेत. ते केले जातात का, हे विचारायला हवं.

दुसरी गोष्ट चेहऱ्यांचा रंग. आजकाल स्टेजवर निळे-जांभळे एलईडी दिवे असतात. त्या उजेडात हळदीने माखलेला चेहरा हिरवट आणि सावळा चेहरा राखाडी दिसू शकतो. काही एडिटर चेहरे सरसकट उजळ करतात. सावळी नवरी व्हिडिओत ओळखू येत नसेल, तर तो एडिटिंगचा दोष आहे.

तिसरी गोष्ट थरथर. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. शटर स्पीड त्याला जुळणारा, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग असा ठेवला नाही, तर दिवे आणि एलईडी वॉल व्हिडिओत लुकलुकतात किंवा त्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. नमुन्यात असे पट्टे दिसले, तर कॅमेरामन नवखा आहे असं समजावं.

चौथी गोष्ट अंतरपाटाचा क्षण. अक्षता पडायला लागल्या की अख्खं वऱ्हाड मोबाइल वर करून पुढे येतं. अनुभवी कॅमेरामनने आधीच उंचावर किंवा मांडवाच्या आत जागा धरलेली असते. नमुन्यात त्या क्षणी कुणाची तरी पाठ दिसत असेल, तर आपल्याही व्हिडिओत तीच दिसणार.

पाचवी गोष्ट माणसं. फक्त नवरा-नवरी आणि सजावट दिसते, की काका, आत्या, शेजारी, शाळेतले मित्रही दिसतात? वीस वर्षांनी व्हिडिओ पाहताना लोक सजावट शोधत नाहीत, माणसं शोधतात.

जुन्या दोन ग्राहकांशी फोनवर बोलता आलं तर उत्तम. त्यांना 'काम कसं होतं' असं विचारण्यापेक्षा 'लग्न कधी झालं आणि व्हिडिओ हातात कधी आला' असं विचारावं. दोन तारखांतलं अंतर सगळं सांगून जातं.

नागपूरचं ऊन, वरात आणि अवकाळी पाऊस

नागपुरात एप्रिल-मेमध्ये पारा सहज ४२ ते ४५ अंशांवर जातो. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांपर्यंत गेला होता. या दिवसांत दुपारच्या वरातीत कॅमेरामनइतकाच कॅमेराही तापतो. छोट्या मिररलेस कॅमेऱ्यांवर फोरकेमध्ये सलग रेकॉर्डिंग केलं तर ते तापून आपोआप बंद पडू शकतात. ड्रोनच्या बॅटरीचंही उन्हात काही खरं नसतं.

त्यामुळे उन्हाळ्यातल्या लग्नासाठी थेट विचारावं: कॅमेरा तापून बंद पडला तर दुसरा कॅमेरा सोबत असेल का? बॅटऱ्या किती? विधी सुरू असताना एक बंद पडला तरी दुसऱ्याचं रेकॉर्डिंग चालू राहील का?

दुसरा प्रश्न वेळेचा. पत्रिकेवर गोरज मुहूर्त छापलेला असतो, पण वरात नाचत नाचत दारात येईपर्यंत अंधार पडतो. मावळतीच्या उजेडात शूट करायचं ठरवलेली टीम मग रात्रीच्या दिव्यांत काम करते. मुहूर्त दोन तास पुढे गेला तर टीमकडे लाइट आहेत का, आणि जादा तासांचे पैसे किती, हे आधीच ठरलेलं बरं. अनेक पॅकेजमध्ये आठ किंवा दहा तासांची मर्यादा बारीक अक्षरात असते. पाठवणीच्या वेळी कॅमेरामन घड्याळ पाहू लागतो, त्याचं कारण हेच.

विदर्भात फेब्रुवारी ते मे या काळात अवकाळी पाऊस आणि गारपीट नवी नाही. उघड्या लॉनवर कार्यक्रम असेल तर कॅमेरे झाकायची सोय आणि आत शूट करायची पर्यायी योजना आहे का, हेही विचारून ठेवावं.

ड्रोन फुकट मिळतोय, घ्यायचा का?

'पॅकेजसोबत ड्रोन फ्री' हे ऐकायला छान वाटतं. पण नागपुरात ड्रोन उडवणं दिसतं तितकं सरळ नाही.

देशात २५ ऑगस्ट २०२१ पासून ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. त्यात हवाई क्षेत्राचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन भाग केले आहेत. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरमधला भाग पिवळ्या क्षेत्रात येतो. तिथे जमिनीपासूनच हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ सोनेगावला, म्हणजे शहराला लागूनच आहे. वर्धा रोडवरची अनेक लॉन आणि शहराचा मोठा भाग या ८ किलोमीटरमध्ये येतो. शिवाय वायुसेनानगर, कामठीची लष्करी छावणी, अंबाझरीची आयुध निर्माणी अशी संवेदनशील ठिकाणं आहेतच. सुरक्षेच्या कारणावरून पोलिसही वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडलाच्या जंगलात प्री-वेडिंग शूटसाठी ड्रोन उडवायचा विचार असेल, तर वन विभागाच्या परवानगीशिवाय तो करू नये.

'आमचा ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आत आहे, त्याला काही लागत नाही,' असं उत्तर बरेचदा मिळतं. ते अर्धंच खरं आहे. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनसाठी पायलटच्या प्रमाणपत्राची अट नाही. पण पिवळ्या आणि लाल क्षेत्राचे निर्बंध त्यालाही लागू होतात. त्याहून जड ड्रोन पैसे घेऊन, म्हणजे व्यावसायिक कामासाठी उडवायचा असेल तर रिमोट पायलट प्रमाणपत्र, ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि थर्ड पार्टी विमा लागतो. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

विचारायचं ते एवढंच: ड्रोनचा नोंदणी क्रमांक काय? उडवणाऱ्याकडे प्रमाणपत्र आहे का? आमचं लॉन कोणत्या क्षेत्रात येतं हे 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर तपासलं का? गर्दीवर ड्रोन उडवणं धोक्याचं असतं. शेकडो पाहुण्यांच्या डोक्यावर तो कोसळला तर जबाबदार कोण, हेही त्याच बैठकीत ठरायला हवं.

फुटेज गेलं तर?

हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. खरं तर तो सगळ्यात आधी यायला हवा.

थोडं गणित पाहू. फोरके व्हिडिओ १०० एमबीपीएस दराने रेकॉर्ड केला तर एका तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते. तीन कॅमेऱ्यांनी प्रत्येकी सहा तास रेकॉर्डिंग केलं तर १८ तासांचे सुमारे ८१० जीबी होतात. म्हणजे एका दिवसात एक टीबीची हार्ड डिस्क जवळपास भरते. लग्नसराईत महिन्याला दहा लग्नं करणाऱ्या स्टुडिओला केवढा साठा लागत असेल, याचा अंदाज यावरून येतो. तो खर्च वाचवण्यासाठी काही जण एकच प्रत ठेवतात. काही जण पुढच्या लग्नासाठी तीच मेमरी कार्डं लगेच रिकामी करतात. फुटेज हरवतं ते इथे.

जगभरात डेटा जपण्यासाठी '३-२-१' हा साधा नियम पाळला जातो: एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. लग्नाच्या व्हिडिओसाठी याचा अर्थ असा: कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्डिंग, त्याच रात्री दोन हार्ड डिस्कवर कॉपी आणि त्यातली एक डिस्क स्टुडिओबाहेर.

कुटुंबाला यात एक सोपी गोष्ट करता येते. एक-दोन टीबीची स्वतःची हार्ड डिस्क विकत घेऊन स्टुडिओला द्यायची आणि आठवडाभरात सगळं मूळ फुटेज त्यावर मागून घ्यायचं. काही स्टुडिओ मूळ फुटेज देत नाहीत किंवा त्याचे वेगळे पैसे घेतात. त्यांचंही कारण ऐकून घ्यावं. कच्चं फुटेज दुसऱ्याकडून एडिट होऊन त्यांच्या नावावर फिरू नये, अशी त्यांना काळजी असते. पण ही चर्चा बुकिंगच्या वेळी व्हावी, व्हिडिओ रखडल्यावर नाही.

पैसे कसे द्यायचे, लिहून काय घ्यायचं?

भारतीय करार कायदा, १८७२ नुसार तोंडी करारही वैध असतो. अडचण तो सिद्ध करण्यात येते. त्यामुळे दोन पानांचा साधा करार करावा. तेही जमत नसेल तर ठरलेलं सगळं एका व्हॉट्सॲप मेसेजमध्ये किंवा ईमेलमध्ये लिहून समोरच्याकडून 'मान्य आहे' असं उत्तर घ्यावं.

त्यात या गोष्टी हव्यात: तारखा, ठिकाणं आणि तास. कॅमेऱ्यांची संख्या आणि मुख्य कॅमेरामनचं नाव. कोणकोणते व्हिडिओ, किती मिनिटांचे, कशावर मिळणार. पहिला मसुदा कधी, अंतिम व्हिडिओ कधी. किती वेळा बदल करून मिळतील. मूळ फुटेज मिळणार का आणि स्टुडिओ ते किती महिने जपून ठेवणार. तारीख बदलली किंवा लग्न रद्द झालं तर ॲडव्हान्सचं काय. उशीर झाला तर काय.

रकमेचे टप्पे पाडलेले बरे. बुकिंगला थोडी, लग्नाच्या दिवशी मोठी आणि अंतिम व्हिडिओ हातात पडल्यावर उरलेली. किमान पाचवा हिस्सा शेवटपर्यंत राखून ठेवला तर काम रेंगाळत नाही. पैसे यूपीआय किंवा बँकेतून द्यावेत आणि पावती घ्यावी. या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. वर्षाला २० लाखांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यावसायिकाला नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे सगळेच तो लावणार नाहीत. म्हणून सांगितलेला आकडा जीएसटीसह आहे की वेगळा, हे विचारावं. जीएसटी लावत असतील तर बिलावर नोंदणी क्रमांक हवा.

दुसरी बाजूही आहे. अनेक कुटुंबं अल्बमचे फोटो निवडायला आणि व्हिडिओतले बदल सांगायला सहा-सहा महिने लावतात. नंतर बाकी रक्कम द्यायला टाळाटाळ करतात. त्यामुळे स्टुडिओही पूर्ण पैसे आधी मागायला लागतात. करारात दोन्ही बाजूंच्या तारखा असतील तर हा ताण निर्माणच होत नाही.

व्हिडिओचा मालक कोण?

अनेकांना वाटतं, ज्याने शूट केलं त्याचा व्हिडिओ. भारतात तसं नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ (ब) नुसार, एखाद्याच्या सांगण्यावरून आणि पैसे घेऊन काढलेल्या फोटोचा किंवा बनवलेल्या फिल्मचा पहिला कॉपीराइट ते काम सांगणाऱ्याकडे जातो. वेगळा करार नसेल तरच.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. स्टुडिओच्या छापील अटींमध्ये 'सर्व हक्क स्टुडिओकडे' असं असेल आणि त्यावर सही झाली, तर परिस्थिती बदलते. म्हणून सही करण्याआधी अटी वाचायला हव्यात.

याचा सगळ्यात जवळचा संबंध रीलशी आहे. हळदीत ओल्या कपड्यांत नाचणाऱ्या मुली, पाठवणीला हमसून रडणारे वडील, लहान मुलं असे क्षण स्टुडिओच्या पेजवर जाहिरात म्हणून टाकले जातात आणि लाखो लोक पाहतात. काही जोडप्यांना ते आवडतं, काहींना मनस्ताप होतो. 'आमच्या लेखी परवानगीशिवाय काहीही पोस्ट करायचं नाही', किंवा 'फक्त आम्ही निवडलेले क्षण पोस्ट करायचे' अशी एक ओळ करारात घातली की प्रश्न मिटतो.

गाण्यांचं प्रकरण वेगळं आहे. याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी संबंधित समारंभांत गाणी वाजवायला सूट आहे. पण ही सूट समारंभात वाजवण्यापुरती आहे. तेच गाणं व्हिडिओवर चढवून यूट्यूबवर टाकलं तर कंपनीचा कॉपीराइट दावा येऊ शकतो, आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओच ब्लॉक होऊ शकतो. त्यामुळे ऑनलाइन टाकायच्या फिल्मसाठी परवाना असलेलं संगीत वापरणार का, हे विचारावं.

फसवणूक झालीच तर?

लग्नाचा व्हिडिओ ही पैसे देऊन घेतलेली सेवा आहे. त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. आधी लेखी नोटीस पाठवावी आणि मुदत द्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे तडजोडीचा प्रयत्न होतो.

त्याने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच जातं आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. वकील लावणं बंधनकारक नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही तक्रार दाखल करता येते. म्हणजे लग्न नागपुरात झालं आणि जोडपं आता पुण्यात राहत असेल तर पुण्यातूनही. ऑनलाइन तक्रारीसाठी ई-जागृती पोर्टल आहे. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. 'आज देतो, उद्या देतो' ऐकत दोन वर्षं घालवली तर हक्क हातातून जाऊ शकतो.

अशा तक्रारींत ग्राहकाला न्याय मिळाल्याची उदाहरणं आहेत. केरळमध्ये २०१७ साली लग्न झालेल्या एका जोडप्याला पैसे देऊनही व्हिडिओ आणि अल्बम मिळाला नाही. एर्नाकुलमच्या जिल्हा ग्राहक आयोगाने २०२४ मध्ये स्टुडिओला ५८,५०० रुपये परत करायला आणि भरपाई व खर्च धरून एकूण १,१८,५०० रुपये द्यायला सांगितलं. जोडपं जिंकलं, पण लग्नानंतर सात वर्षांनी. आणि आयोग पैसे मिळवून देऊ शकतो, मंगलाष्टकं नाही.

कुटुंबानेही करायच्या काही गोष्टी

चांगल्या व्हिडिओचा अर्धा भार घरच्यांवर असतो. कॅमेरामनला आजी, मामा, आत्या कोण हे माहीत नसतं. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस त्याच्यासोबत नेमून द्यावा. टिपायलाच हव्यात अशा माणसांची आणि विधींची यादी आदल्या दिवशी पाठवावी. प्रत्येक समाजाचे विधी आणि त्यांचा क्रम वेगळा असतो, त्यामुळे 'त्यांना माहीत असेल' असं धरून चालू नये. अंतरपाटाच्या वेळी मोबाइल खाली ठेवा, अशी सूचना माइकवरून करायला सांगावी. आणि टीमच्या जेवणाची वेळ ठरवून द्यावी. पाठवणीपर्यंत उपाशी राहिलेल्या माणसाच्या हातून कॅमेरा स्थिर राहत नाही.

सेव्ह करून ठेवा: बुकिंगआधीचे १२ प्रश्न

१. मुख्य विधी सलग रेकॉर्ड करणारा एक कॅमेरा असेल का?
२. त्या तारखेला तुमच्याकडे आणखी किती लग्नं आहेत?
३. आमच्याकडे प्रत्यक्ष कोण येणार? त्याचं काम दाखवाल का?
४. आमच्यासारख्याच एका लग्नाचा पूर्ण व्हिडिओ पाहता येईल का?
५. मंगलाष्टकांचा आणि बोलण्याचा आवाज कसा रेकॉर्ड करता?
६. कॅमेरा तापला, बंद पडला, पाऊस आला तर पर्याय काय?
७. वेळ वाढली तर जादा पैसे किती?
८. ड्रोनची नोंदणी, पायलटचं प्रमाणपत्र आणि परवानगी आहे का?
९. त्याच रात्री फुटेजच्या किती प्रती होतात?
१०. मूळ फुटेज मिळेल का? किती महिने जपून ठेवाल?
११. पहिला मसुदा आणि अंतिम व्हिडिओ कोणत्या तारखेला? उशीर झाला तर काय?
१२. आमच्या परवानगीशिवाय काहीही पोस्ट होणार नाही, हे लिहून द्याल का?

चांगला व्हिडिओग्राफर या प्रश्नांनी वैतागत नाही. त्याच्याकडे उत्तरं तयार असतात, कारण त्यातल्या बहुतेक अडचणी त्याने कधी ना कधी सोसलेल्या असतात. 'टेन्शन घेऊ नका, सगळं होऊन जाईल' एवढंच उत्तर मिळालं, तर दुसरा नंबर फिरवायला अजून वेळ आहे.